कृत्तिका, मृग आणि शाळेची घंटा

न्यूझीलंडमधल्या शाळांचे वर्ष जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होते, पण तिथल्या मूळनिवासी माओरींचे नवे वर्ष उगवते जून-जुलैच्या पहाटे, ‘मातारिकी’ हा तारकापुंज क्षितिजावर पुन्हा दिसू लागतो तेव्हा. ही आपलीच कृत्तिका. २०२२पासून त्या निमित्ताने तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि त्या सुमारास वर्गात खगोल, हवामान, पेरणी, गेलेल्या माणसांच्या आठवणी असे सगळे एकत्र शिकवले जाते.

नेमक्या त्याच दिवसांत बारामती-इंदापुरात शाळेची घंटा होते. मृग लागलेला असतो, आभाळाकडे डोळे लागलेले असतात (हा पट्टा पर्जन्यछायेतला) आणि तुकोबांची पालखी येऊ घातलेली असते. काटेवाडीत परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे इंदापूर तालुक्यात बेलवडीला गोल रिंगण लागते. पताकावाले, डोईवर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी धावतात आणि मग अश्व सुटतात.

शाळा याचे काय करते? विठ्ठल-रखुमाईचा वेश, कागदी पताका, छोटी दिंडी, फोटो. गोड असते, पण तेवढेच. मला विचाराल तर रिंगण हा गणिताचा तास आहे. दोरी आणि खुंटीने मैदानावर वर्तुळ आखा, त्रिज्येवरून परीघ काढा. अश्वाच्या एका फेरीला किती सेकंद लागले ते मोजले की वेग हाती येतो.

भाषेच्या तासाला तर बारामतीकरांच्या घरातच ठेवा आहे. पन्हाळ्याला १७२९ साली जन्मलेले कवी मोरोपंत बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे राहिले आणि १७९४ साली इथेच वारले. त्यांच्या अनेक रामायणांपैकी एक ‘निरोष्ठ’, म्हणजे प-फ-ब-भ-म यांसारखी ओठांची अक्षरे टाळून रचलेले. आता ‘राम’ या नावातच ‘म’! मग रामाला हाक कशी मारायची? हे कोडे पाचवीच्या पोरांना घाला आणि ओठ न मिटता एकेक वाक्य रचायला सांगा. वर्णांची उच्चारस्थाने पाठ करून घ्यावी लागणार नाहीत.

माओरींकडून घ्यायचे ते मात्र वेगळेच. तिथे १८६७च्या कायद्याने शाळांवर इंग्रजी लादली गेली. पुढे माओरी बोलणाऱ्या मुलांना छड्याही बसल्या. भाषा मरणपंथाला लागली, तेव्हा १९८२मध्ये ‘कोहांगा रेओ’ ही बालवाडी निघाली. तिचा आधार होते भाषा येणारे आजी-आजोबा. संस्कृती कार्यक्रमापुरती न राहता माणसांच्या रूपाने वर्गात येऊन बसली.

शाळा मुलांच्या जगण्याला जोडायची असते, हे आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार आधी ओळखले होते. कोसबाडला मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणावर गेली. बारामती-इंदापूरच्या मेंढपाळांच्या पोरांचा प्रश्न त्याच जातीचा आहे. कळप चारणाऱ्या आजोबांना वारा, गवत, मेंढीचे दुखणे आणि बिरोबाच्या ओव्या ठाऊक असतात. परिसर अभ्यासाच्या तासाला त्यांना बोलवायला वेगळा जीआर लागत नाही. बोलवायचे ते पावसाळ्यातच, कारण दिवाळी सरली की या मेंढपाळांचे कितीतरी वाडे (कळपासह फिरणारी कुटुंबे) चाऱ्यासाठी पश्चिमेची वाट धरतात आणि नातवंडेही त्यांच्याबरोबर जातात.