दुसरीच्या वर्गातला आठवडा आणि येणारी तिमाही



जूनमध्ये आपण पाठवलेल्या पाट्या, वह्या आणि गोष्टींची पुस्तके वर्गात पोहोचली. ती सध्या मुलांच्या हातांत आहेत. "मुले आठवडाभर नेमके काय शिकतात?" असे अनेक मंडळ्यांतून विचारले जाते. म्हणून या अंकात पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातल्या आपल्या एका वर्गाचा आठवडा सविस्तर सांगत आहोत. वर्ग इयत्ता दुसरीचा. मुले बहुतेक वारली आणि काही कातकरी.

दुसरीच का निवडली? तिसरीपर्यंत ज्या मुलाला अर्थ समजून वाचता येत नाही, ते पुढे प्रत्येक विषयात मागे पडते. विज्ञान असो की गणित, सगळे पुस्तकातूनच येते. केंद्र सरकारने २०२१ साली 'निपुण भारत' अभियान सुरू केले. त्याचेही उद्दिष्ट तेच आहे. तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे आणि साधा हिशेब यावा. आपल्या मुलांसाठी मात्र याहून जवळची एक मुदत आहे. ती म्हणजे दिवाळी. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कामासाठी गाव सोडतात. आपल्या वर्गाचा प्रत्येक आठवडा ही मुदत डोळ्यांसमोर ठेवून आखलेला असतो.

सोमवार ते शनिवार

सोमवारी परिपाठ झाला की गप्पांचा तास असतो. रविवारी कोण नदीवर चिंबोऱ्या धरायला गेले, कोणाची गाय व्याली, कोणाच्या शेतात रानडुकरे शिरली, हे मुले आपल्या बोलीत सांगतात. त्यातलेच आठ-दहा शब्द फळ्यावर येतात. आठवडाभराचा भाषेचा पाठ त्या शब्दांवर चालतो. मंगळवारी त्या शब्दांच्या चिठ्ठ्या करून काना, मात्रा, वेलांटी शिकवतात. बुधवार गणिताचा. गुरुवारी आमच्याकडे आठवडे बाजार असतो. त्या दिवशी बरीच मुले आईबरोबर बाजारात जातात, म्हणून नवा धडा घेत नाहीत. उजळणी होते, आणि जी मुले आली असतील त्यांना घेऊन शिक्षिका आवारातली झाडे, पाने, बिया दाखवतात. शुक्रवारी मुले जोडीजोडीने गोष्टींची पुस्तके वाचतात. शनिवारी सकाळची शाळा. नखे-केसांची तपासणी, बालसभा, आणि घरी नेण्यासाठी एक पुस्तक.

दुपारी शाळेतच जेवण मिळते. प्राथमिकच्या प्रत्येक मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, एकूण ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने असे त्याचे सरकारी प्रमाण आहे. पावसाळ्याच्या अखेरीस घरातले धान्य संपत आलेले असते. तेव्हा या जेवणाचे मोल काय, हे आईबापांना सांगावे लागत नाही.

फळ्याचे दोन भाग

दुसरीतले मूल पुस्तक उघडते, तेव्हा त्याच्यासमोर येणारी मराठी ही त्याच्या घरची भाषा नसते. वारली बोली मराठीला जवळची आहे, आणि अडचण तिथेच आहे. भाषा अगदी वेगळी असती तर ती नव्याने शिकवायला हवी हे सर्वांना पटले असते. जवळची असल्यामुळे मूल चुकीचे बोलते असा समज होतो. घरी 'ण' आणि 'ळ' यांच्या जागी 'न' आणि 'ल' ऐकू येतो. मूल "पानी" म्हणते, पुस्तकात 'पाणी' असते. मूल "डोला" म्हणते, पुस्तकात 'डोळा' असतो. दर वेळी "चूक, पुन्हा म्हण" असे ऐकावे लागले की महिनाभरात ते मूल गप्प बसायला शिकते. गप्प मूल वर्गात कोणाला त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही.

यासाठी आपल्या वर्गात फळ्याचे दोन भाग केले आहेत. डाव्या बाजूला 'घरचा शब्द', उजव्या बाजूला 'पुस्तकाचा शब्द'. "पानी" हा शब्द मुलाने म्हटला तसाच डावीकडे लिहितात, आणि त्याच्यासमोर 'पाणी'. मग मुले दोन्ही मोठ्याने वाचतात आणि फरक कुठे आहे तो स्वतः शोधतात. घरचा शब्द पुसला जात नाही, त्याला जोडीदार मिळतो. वर्ष संपेपर्यंत उजवी बाजू मुले आपणहून सांगू लागतात.

यात आपण काही नवीन करतो असे नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानेही शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे असे म्हटले आहे. त्याच्याही कितीतरी आधी, याच डहाणू तालुक्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तो मार्ग दाखवला. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर आले. वारली मुले गुरे चारायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या दोघींनी कुरणशाळा काढल्या आणि शाळाच गुरांच्या मागे कुरणात नेली. मण्यांच्या जागी बिया, खडे, शिंपले आले. आपल्या वर्गातले चिंचोके आणि काड्यांच्या जुड्या त्याच परंपरेतल्या आहेत.

सत्तेचाळीस कसे लिहायचे?

बुधवारच्या गणिताच्या तासाला सध्या दोन अंकी संख्या चालू आहेत. आपण मोठी माणसे 'सत्तेचाळीस' सहज म्हणतो. मुलाच्या बाजूने पाहा. कानाला आधी 'सत्ते' ऐकू येते, मग 'चाळीस'. म्हणून ते आधी ७ लिहिते, मग ४. वहीत होतात ७४. 'एकोणपन्नास' तर आणखी अवघड. ऐकू येते पन्नास, लिहायचे मात्र ४ आणि ९. त्यातही 'एकोणनव्वद' आहे, पण शंभराच्या आधी 'एकोणशंभर' नाही, तिथे 'नव्व्याण्णव' आहे. घरात ही सगळी नावे रोज कानावर पडत असतील तर मूल ती पाठ करून टाकते. ज्या घरात मोठ्या संख्यांचा व्यवहारच कमी, तिथे ती पाठ व्हायला फार वेळ लागतो.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'त्रेपन्न'बरोबर 'पन्नास तीन' अशी सोपी वाचनपद्धत आली होती. तेव्हा तिची बरीच टिंगल झाली. आपल्या वर्गाचा अनुभव असा, की ती पायरी म्हणून उपयोगी पडते. दहा काड्यांची एक जुडी बांधायची. चार जुड्या आणि सात सुट्या काड्या मांडायच्या. मूल आधी म्हणते "चाळीस आणि सात", तसेच लिहिते ४७, आणि शेवटी त्याला नाव मिळते 'सत्तेचाळीस'. शुक्रवारी गणिताला थोडा वेळ देऊन आदल्या दिवशीच्या बाजारातले भाव विचारतात. बोंबील कसे दिले, मिरच्या केवढ्याच्या आणल्या, पन्नासच्या नोटेतून किती परत आले.

आकडे शिकवण्यात आम्ही एवढा वेळ का घालतो, याचे एक कारण वीटभट्टीवर आहे. तिथे मजुरी हजार विटांमागे ठरते. किती विटा पाडल्या आणि किती उचल फिटली, हे मुकादमाच्या वहीत लिहिलेले असते. घरात ती वही वाचू शकणारे एकही माणूस नसेल, तर वही सांगेल तोच हिशेब खरा. आठ वर्षांचे मूल लगेच मुकादमाशी हिशेब घालणार नाही. पण आज जे ४७ आणि ७४ यांतला फरक ओळखते, ते चार वर्षांनी आपल्या बापाच्या शेजारी उभे राहून ती वही वाचेल.

दिवाळीनंतर काय होते

पावसाळ्यात धान्य संपते, आजारपण येते, घर शाकारायचे असते. त्या वेळी पुष्कळ कुटुंबे उचल घेतात. भातकापणी आणि दिवाळी झाली की ती फेडण्यासाठी भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या भट्ट्यांवर जावेच लागते. काही जण मिठागरांवर किंवा बांधकामावर जातात. लहान मुलांना मागे ठेवायला कोणी नसेल तर तीही बरोबर जातात. कोणी होळीला परततात, कोणी थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर.

कायद्याने पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास शिकवायचे असते. जे मूल दिवाळीनंतर गेले आणि उन्हाळ्यात परतले, त्याचे जवळजवळ अर्धे वर्ष बुडते. आणि जे नुकतेच जुळू लागलेले असते, तेच आधी विसरले जाते. जूनमध्ये ते तिसरीच्या वर्गात बसते, पण अक्षरे दुसरीच्या ऑगस्टमधली असतात.

आईबापांना शिक्षणाची किंमत नाही असे कृपया कोणी समजू नये. मुलाला जवळ ठेवणे हीच त्यांची काळजी असते. म्हणून "मुलांना नेऊ नका" एवढे सांगून भागत नाही. मूल कुठे राहील, कोण जेवू घालील, याचे उत्तर आपल्याजवळ असावे लागते. आजी-आजोबा असतील तिथे त्यांना आधार द्यावा लागतो. नसतील तिथे सरकारी हंगामी वसतिगृहाची किंवा आपल्या वसतिगृहातली जागा पाहावी लागते. तरीही जी मुले जातात, त्यांच्या मागोमाग शाळेने जायचे असते. नव्वदच्या दशकात 'विधायक संसद' या संस्थेने तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा चालवून हे करून दाखवले. भोंगा म्हणजे भट्टीवरच्या मजुरांची झोपडी.

हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण सर्व जाणतो. एक मेंढरू कमी आहे हे कळण्यासाठी मेंढपाळाला आधी रोज मोजावे लागते. आपल्या वर्गात हजेरीपट त्याच भावनेने भरला जातो. सलग तीन दिवस मूल आले नाही की शिक्षिका पाड्यावर जातात.

येत्या तिमाहीतील कार्यक्रम

*पालकसभा.* ऑक्टोबरच्या सुरुवातीला, भातकापणीच्या आधी, आणि संध्याकाळी, म्हणजे कामावरून आलेल्या पालकांना येता येईल. कोणते कुटुंब कधी, कुठे जाणार आणि मूल मागे राहू शकते का, हे त्यांच्याशी बसून ठरवायचे आहे.

*पहिल्या सत्राचे मूल्यमापन.* दिवाळीच्या सुट्टीआधी. पास-नापास नाही. प्रत्येक मुलाला काय येते आणि काय अजून येत नाही, याची नोंद शिक्षिका शब्दांत करतील.

*पिशवी आणि कार्ड.* बाहेरगावी जाणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक कापडी पिशवी दिली जाईल. तिच्यात पाटी, पेन्सिली, काड्यांच्या जुड्या, दोन गोष्टींची पुस्तके आणि शिक्षण हमी कार्ड. मुलाने कुठवर शिकले हे कार्डावर लिहिलेले असते, त्यामुळे भट्टीजवळच्या शाळेला त्याला पुढचे शिकवता येते. शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून कोणत्याही शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हेही पालकांना समजावून सांगितले जाईल.

*१४ आणि १५ नोव्हेंबर.* बालदिन आणि बिरसा मुंडा जयंती. ही दोन्ही त्या सुमाराच्या शाळेच्या दिवशी एकत्र साजरी होतील. मुले आपल्या बोलीतली गाणी म्हणतील आणि आजी-आजोबा गोष्टी सांगतील.

*भट्टीवरच्या भेटी.* नोव्हेंबरअखेरपासून महिन्यातून दोनदा शिक्षिका आणि एक स्वयंसेवक गेलेल्या मुलांना भेटतील, पिशवीतला अभ्यास पाहतील आणि पुस्तके बदलून देतील.

*नाताळ.* डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, शाळेची वेळ संपल्यावर. ज्या पालकांची इच्छा असेल त्यांची मुले येतील. खाऊ मात्र सर्वांना सारखा.

*३ जानेवारी.* सावित्रीबाई फुले जयंती. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे प्रशिक्षण अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार यांच्याकडे घेतले होते. मुली त्या दिवशी आपल्या आयांना एक पान वाचून दाखवतील.

आपली मदत आणि प्रार्थना

या तिमाहीत नव्या कपड्यांपेक्षा आम्हांला मोठ्या अक्षरांची, थोड्या ओळींची मराठी चित्रपुस्तके, कापडी पिशव्या, पाट्या आणि वसतिगृहासाठी चादरी हव्या आहेत. भट्टीवरच्या भेटींसाठी प्रवासखर्चही लागेल. जवळच्या मंडळ्यांतील निवृत्त शिक्षक महिन्यातला एक शनिवार देऊ शकले, तर वाचनाच्या तासाला फार आधार होईल.

प्रार्थनेत पुढील विषय कृपया आठवणीत ठेवा:

जी कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर पडतील, त्यांच्या आरोग्यासाठी आणि त्यांना कष्टाचा पूर्ण मोबदला मिळावा म्हणून.

जी मुले आजी-आजोबांजवळ किंवा वसतिगृहात मागे राहतील, त्यांच्या मनाच्या धीरासाठी.

शिक्षिकेला बळ मिळावे, आणि जूनमध्ये हजेरीपटावरचे प्रत्येक नाव पुन्हा "हजर" म्हणावे, यासाठी.