सादळलेला कागद आणि घरचा प्रिंटर

उद्या मुलाची परीक्षा, आज रात्री सरावाचा पेपर छापायचा, आणि प्रिंटरने एकदम तीन कागद ओढून घेतले. सिंगापुरातल्या मराठी घरांत हे नेहमीचंच. राग प्रिंटरवर निघतो; पण तो बिघडलेला असेलच असं नाही. आधी कागद हातात घेऊन बघा. कडा लाटांसारख्या वरखाली झाल्यात का? मग तो सादळलाय, उघड्या डब्यातल्या पापडासारखा.

कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंची दाबून बसवलेली चटई. सेल्युलोज हवेतली वाफ धरून ठेवतं आणि फुगतं. तंतू लांबीत जवळपास वाढत नाहीत, जाडीत मात्र चांगलेच वाढतात. प्रिंटरच्या कागदाला साधारण ५० टक्के आर्द्रता मानवते. आपल्याकडे सरासरीच ८० टक्क्यांच्या वर, पहाटे तर बऱ्याचदा ९०च्या पुढे.

हिशेब करून बघा. ए-४ कागद म्हणजे चौरस मीटरचा सोळावा भाग. ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांची रीम अडीच किलोची. त्यात एरवी पाच टक्के पाणी धरलं आणि इथल्या हवेत ते आठावर गेलं, तर रीमने ७५ ग्रॅम पाणी प्यायलं. अर्धा कप म्हणा! हे पाणी आधी कडांमधून शिरतं, म्हणून कडा फुगतात आणि मधला भाग तसाच राहतो.

आता ट्रेमध्ये काय होतं ते पाहू. रबराचा रोलर वरचा कागद ओढतो. बहुतेक घरगुती प्रिंटरमध्ये त्याच्यासमोर एक खरखरीत पट्टी असते. रोलरची पकड सर्वांत जास्त, पट्टीची त्याहून कमी, आणि दोन कागदांमधली सर्वांत कमी. या क्रमामुळेच वरचा कागद पुढे जातो आणि खालचा पट्टीपाशी थांबतो. सादळलेले कागद एकमेकांना धरून बसतात, क्रम बिघडतो आणि दोन-तीन कागद एकत्र निघतात. म्हणून भरण्याआधी गठ्ठा पत्त्यांसारखा फुलवायचा, म्हणजे मध्ये हवा जाते, आणि मग टेबलावर ठोकून कडा जुळवायच्या. बाजूच्या पट्ट्या कागदाला नुसत्या टेकाव्यात. सैल असल्या तर कागद तिरका जातो, आवळल्या तर गठ्ठा मध्ये फुगतो.

ट्रे खुणेपर्यंत भरण्याचा मोह मात्र टाळा. आजच्यापुरते वीस-तीस कागद पुरेत. उरलेली रीम तिच्याच वेष्टनात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. ते वेष्टन ओलावा अडवण्यासाठीच असतं. कॅमेऱ्यासाठी ड्राय कॅबिनेट घेणारे आपण कागद मात्र खिडकीखाली टाकतो, हे गमतीशीरच! एसीच्या खोलीतली थंड रीम दमट हॉलमध्ये आणून लगेच फोडू नका. आधी बंद वेष्टनातच तिला खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

एसीचा विषय निघालाच आहे, तर त्याचा जन्मही कागदापायीच झाला. १९०२ साली ब्रुकलिनच्या सॅकेट अँड विल्हेल्म्स छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने हवेतला ओलावा आवरणारी यंत्रणा आखली ती त्यासाठी. पुढे ली क्वान यू यांनी सिंगापूरच्या प्रगतीचं मोठं श्रेय एसीला दिलं.

लेझर प्रिंटर असेल तर आणखी एक भानगड. शाई वितळवणारा रोलर २०० अंशांच्या आसपास तापतो, कागदातलं पाणी झटकन उडतं आणि कागद गुंडाळला जातो. असं झालं तर ट्रेमधला गठ्ठा उलटा करून बघा. बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. छापायची बाजू वर की खाली, हे प्रत्येक प्रिंटरचं वेगळं. एका कागदावर पेन्सिलने फुली मारून प्रिंट काढलीत की लगेच कळेल.

आणि घरात सगळेच कागद सादळलेले असतील, तर हवे तेवढे रात्री एसीच्या खोलीत सुटे पसरून ठेवा आणि सकाळी छापा.