वॉशिंग्टन : एका आडनांवाची वाटचाल

एखादे गृहस्थ आपलें आडनांव सातारकर असें सांगतात, तेव्हां त्यांचें घराणें साताऱ्यांत राहतें असें आपण समजत नाहीं. तें केव्हां तरी साताऱ्याहून बाहेर पडलें, असें समजतों. खुद्द साताऱ्यांत सगळेच सातारचे. तेथें या नांवानें कोणाला ओळखणार? गांव सुटल्यावर गांवाचें नांव माणसाला चिकटतें. इंग्लंडांतही ग्रामनामांवरून पडलेलीं पुष्कळ आडनांवें अशींच निर्माण झालीं. परंतु तेथें आणखी एक प्रकार होता. सामान्य माणसाला गांव सुटल्यावर नांव मिळे, तर जमीनदाराला गांव हातीं आल्यावर. आज ज्या आडनांवाची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे, तें या दुसऱ्या प्रकारचें. पुढें मात्र तें अशा लोकांकडे गेलें कीं, ज्यांच्यापाशीं ना गांव होतें, ना जमीन. किंबहुना स्वतःच्या देहावरही त्यांची मालकी नव्हती.

1066 सालीं नॉर्मन लोकांनीं इंग्लंड जिंकलें. त्यापूर्वीं तेथील माणसाला बहुधा एकच नांव पुरत असे. पुढें जमिनीच्या वारशाचे दावे आणि कराच्या याद्या वाढल्या, आणि दहा विल्यममधून नेमका विल्यम कोणता हें कारकुनाला लिहून ठेवणें भाग पडलें. चौदाव्या शतकाच्या अखेरपर्यंत बहुतेक इंग्रज कुटुंबांत बापाचें आडनांव मुलाकडे जाऊं लागलें होतें.

इंग्लंडच्या ईशान्य भागांत, पूर्वींच्या डरहॅम परगण्यांत, वेअर नदीच्या उत्तरेस वॉशिंग्टन नांवाचें गांव आहे. शेवटच्या ‘टन’ या अक्षरांचा मूळ अर्थ वाडी किंवा वस्ती. आरंभीं कोणा जुन्या सॅक्सन पुरुषाचें नांव आहे. 1183 सालीं डरहॅमच्या बिशपनें आपल्या मुलखाची पाहणी करविली. ती ‘बोल्डन बुक’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत असें नमूद आहे कीं, विल्यम द हर्टबर्न यानें आपलें हर्टबर्न गांव देऊन त्याच्या बदल्यांत हें गांव घेतलें. खंड चार पौंड, आणि शिवाय बिशपच्या मोठ्या शिकारीच्या वेळीं चार शिकारी कुत्रे घेऊन हजेरी. गांव बदललें तसें नांवही बदललें. हर्टबर्नचा विल्यम वॉशिंग्टनचा विल्यम झाला आणि त्याचे वंशज वॉशिंग्टन म्हणूनच राहिले. इतक्या सहजपणें आडनांव टाकतां येणें आजच्या एखाद्या कचेरींतील कारकुनाला खचितच रुचणार नाहीं.

या घराण्याची एक शाखा पश्चिमेस लँकेशायरमधील वॉर्टन येथें गेली. तेथील लॉरेन्स वॉशिंग्टन दक्षिणेस नॉर्दॅम्प्टन शहरीं येऊन लोकरीच्या व्यापारांत पडला व नगराध्यक्ष झाला. आठव्या हेन्रीनें मठ मोडून त्यांच्या जमिनी विकावयास काढल्या, तेव्हां 1539 सालीं या लॉरेन्सनें 324 पौंड, 14 शिलिंग, 10 पेन्सांना सल्ग्रेव्हची जमीन घेतली. त्याचें तेथील घर अजून उभें आहे.

शंभर वर्षांनीं राजा आणि पार्लमेंट यांचें युद्ध जुंपलें. घराण्यांतील दुसरा एक लॉरेन्स एसेक्समधील पर्ली गांवीं धर्मोपदेशक होता. त्याला 1643 सालीं काढून टाकण्यांत आलें. आरोप दारूच्या गुत्त्यांत बसण्याचा होता. पण तो राजाच्या पक्षाचा, हाच खरा अपराध असावा. त्याचा मुलगा जॉन याला इंग्लंडांत पुढें कांहीं दिसेना. तो तंबाखूच्या व्यापाराच्या एका जहाजावर चढून अमेरिकेंतील व्हर्जिनियास गेला. 1657 च्या आरंभीं तें जहाज परत निघतांना पोटोमॅक नदींत रुतलें. जॉन तेथेंच राहिला, एका जमीनदाराच्या मुलीशीं त्याचें लग्न झालें आणि सासऱ्याकडून त्याला 700 एकर जमीन मिळाली. 1732 सालीं जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन हा या जॉनचा पणतू.

बहुतेक चरित्रकार या ठिकाणीं थांबतात. परंतु आडनांवाची वाटचाल येथें थांबत नाहीं, आणि मला तरी खरी गोष्ट येथूनच पुढें आहे असें वाटतें.

व्हर्जिनियांतील तंबाखूची शेती गुलामांच्या श्रमावर चाले. जॉर्जच्या वाट्याला वयाच्या अकराव्या वर्षींच बापाच्या मृत्यूनंतर गुलाम आले. त्याच्या मौंट व्हर्नन येथील गुलामांत हॅरी नांवाचा एक माणूस होता. त्याचा जन्म आफ्रिकेंतील गँबिया नदीच्या मुलखांत झाला होता. अमेरिकेचें स्वातंत्र्ययुद्ध सुरू होतांच, बंडखोर मालकांना सोडून येणाऱ्या गुलामांना इंग्रजांनीं मुक्ततेचें वचन दिलें. हॅरी पळाला आणि इंग्रजांना मिळाला. युद्ध संपल्यावर 1783 च्या मे महिन्यांत जनरल वॉशिंग्टन इंग्रज सेनापति कार्लटन याला भेटला व पळालेले गुलाम परत करावे अशी मागणी त्यानें केली. कार्लटननें नकार दिला. दिलेलें वचन मोडणार नाहीं, असें त्याचें म्हणणें पडलें. न्यूयॉर्कहून जाणाऱ्या सुमारें 3000 काळ्या माणसांची नांवें एका वहींत टिपून घेण्यांत आलीं. त्या वहींत हॅरीची नोंद ‘हॅरी वॉशिंग्टन’ अशी आहे. मालकाचें घर त्यानें सोडलें, नांव मात्र आपलें म्हणून सांगितलें.

तो प्रथम कॅनडांतील नोव्हा स्कोशियास गेला. तेथें थंडी कडाक्याची, आणि कबूल केलेली चांगली जमीन बहुतेकांना मिळालीच नाहीं. 1792 च्या जानेवारींत सुमारें 1200 लोक पंधरा जहाजांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील सिएरा लिओन येथें निघाले. हॅरी त्यांतच होता. लंडनच्या एका सरदारी वंशावळ-अधिकाऱ्यानें अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांस त्यांच्या पूर्वजांविषयीं विचारलें होतें. आपण या विषयाकडे फारच थोडें लक्ष दिलें आहे, असें त्यांनीं याच वर्षीं कळविलें. घराणें इंग्लंडच्या उत्तरेकडचें, एवढेंच त्यांना ठाऊक होतें. सिएरा लिओनमध्यें पुढें वसाहत चालविणाऱ्या कंपनीनें जमिनीवर खंड लादला. वसाहतवाल्यांनीं 1800 सालीं बंड केलें, तें मोडलें गेलें, आणि हॅरी वॉशिंग्टन याला समोरच्या बुलम किनाऱ्यावर हद्दपार करण्यांत आलें. कर लादणाऱ्या दूरच्या सत्तेविरुद्ध बंड करणारे वॉशिंग्टन असे दोन झाले; त्यांतील एकाच्याच नांवानें राजधानी वसली.

जॉर्जला स्वतःचें मूल नव्हतें. 1799 सालीं तो मरण पावला तेव्हां मौंट व्हर्ननवर 317 गुलाम होते. त्यांपैकीं त्याच्या स्वतःच्या मालकीच्या 123 जणांना मुक्त करण्याची तरतूद त्यानें मृत्युपत्रांत केली होती. वॉशिंग्टन हें आडनांव पुढें लाखों लोकांचें झालें तें या 123 जणांमुळें, अशी समजूत आढळते. ती बरोबर नाहीं. 1865 सालीं गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली आणि मुक्त झालेल्या माणसांना शाळेंत, मजुरीच्या करारांत, विवाहाच्या नोंदींत पुरें नांव सांगण्याची वेळ आली. कोणी जुन्या मालकाचें नांव चालविलें, कोणी आपसांत पूर्वींपासून चालत आलेलें, परंतु मालकाच्या वहींत न चढलेलें नांव उघड केलें, तर कोणी नवीन नांव पसंत केलें. कोणीं कोणत्या कारणानें तें घेतलें याचें एकच उत्तर नाहीं.

एका मुलाचा प्रसंग मात्र त्यानें स्वतःच लिहून ठेविला आहे. व्हर्जिनियांत 1856 सालीं गुलाम म्हणून जन्मलेला बुकर पहिल्यानें शाळेंत बसला, तेव्हां हजेरी घेतांना इतर मुलांना दोन दोन, तीन तीन नांवें असल्याचें त्याच्या ध्यानीं आलें. त्याला तर एकच होतें. त्याची पाळी येईपर्यंत त्यानें मनाशीं विचार केला, आणि गुरुजींनीं विचारतांच शांतपणें सांगितलें, बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र बापाचें पहिलें नांव वॉशिंग्टन होतें. पुढें 1881 सालीं टस्कीगी येथील विद्यालयाचा मुख्य झालेला तो हाच.

अमेरिकेच्या 2000 सालच्या खानेसुमारींत वॉशिंग्टन आडनांवाचे 163036 लोक मोजले गेले. त्यांपैकीं शेंकडा 90 कृष्णवर्णीय होते.