बांधलेली धाव

ग्रीक भाषेत 'डेस्मोस' म्हणजे बंधन, 'द्रोमोस' म्हणजे धाव. डुकाटी मोटरसायकलच्या इंजिनाला लागणारे 'डेस्मोड्रोमिक' हे विशेषण मला आधी शब्द म्हणून आवडले; यंत्र बऱ्याच उशिरा कळले.

एरवी इंजिनाची झडप कॅम उघडतो आणि स्प्रिंग मिटवते. फेरे फार वाढले की स्प्रिंग मागे पडते, झडप अर्धवट उघडी राहते आणि वर येणारा पिस्टन तिच्यावर आदळू शकतो. फाबियो ताल्योनी यांनी मिटवण्याचे कामही कॅमकडेच सोपवले. कल्पना त्यांची नव्हे. १९५४च्या मर्सिडीज शर्यतगाडीत ती होतीच. पण १९५६ साली त्यांच्या १२५ सीसी गाडीने स्वीडनमधली शर्यत पदार्पणातच जिंकली. स्वार जान्नी देग्ली अन्तोनी काही आठवड्यांतच मोन्झाला सराव करताना गेला. विजयाच्या गोष्टीत हे वाक्य घाईने उरकले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो.

या बंधनाची किंमत मेकॅनिकला विचारावी : प्रत्येक झडपेच्या दोन फटी मोजायच्या, एक उघडण्याची, एक मिटण्याची. २०२०मध्ये मल्टिस्ट्राडा व्ही४ साठी डुकाटीने स्प्रिंगच परत आणली; फटींची तपासणी आता ६०,००० किलोमीटरला. पानिगाले व्ही४ मध्ये मात्र ताल्योनींचीच रीत चालू आहे.