लग्नाची फुले आणि लग्नाचे छायाचित्र

आमच्या घरी माझ्या आजीच्या लग्नाचे एकच छायाचित्र आहे. ते १९४९ सालचे, मार्गशीर्षातले. हौसेने करविलेला शेवंतीचा हार इतका भरगच्च आहे की, आजीची हनुवटी त्यात बुडून गेली आहे. वरून मुंडावळ्यांच्या सरी डोळ्यांवर आलेल्या. हाराचे फूल न् फूल मोजून घ्यावे, पण तेरा वर्षांची आजी कशी दिसत होती, हे आम्हां नातवंडांना कधीच कळणार नाही. तिच्या तरुणपणाचे दुसरे चित्र नाही.

आपल्या घरी कार्य निघाले, म्हणजे फुलांची यादी करण्यापूर्वी हे चित्र आपण मनात आणावे, म्हणून ही हकीकत सांगितली. फुले दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात; छायाचित्र मात्र नातवंडांपर्यंत पोहोचते.

पहिला प्रश्न ऋतूचा. तुळशीचे लग्न लागले की मुहूर्त सुरू होतात आणि त्याच सुमारास शेवंतीही बहरते. रात्री मोठ्या होऊ लागल्या म्हणजेच तिला कळ्या धरतात, हा तिचा स्वभावच आहे. झेंडू, अ‍ॅस्टर आणि गुलाब हेही थंडीत उत्तम मिळतात. दिल्ली-लखनौकडे राहणाऱ्या कुटुंबांना या दिवसांत ग्लॅडिओलसही सहज मिळतो. चैत्र-वैशाखाचे राज्य मोगऱ्याचे. निशिगंध, म्हणजे आपली गुलछडी, वर्षाचा बराच काळ बाजारात असते. बंगालमध्ये तर या रजनीगंधेच्या हारांवाचून लग्न शोभत नाही. तमिळनाडूत मदुराईच्या मोगऱ्याला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले; कर्नाटकात आणि गोव्यात अबोलीचा वळेसर हवाच. ज्या गावी आपण राहता, तेथील फूल आपल्या मंडपात आले, तर ते ताजे असते, बेताच्या किमतीत मिळते आणि त्याचा पैसा जवळच्या मळ्यात जातो. परदेशाहून विमानाने येणारी ऑर्किडे पुष्कळ दिवस टिकतात, हे खरे. पण आपल्याला टिकवायचे असते ते एका दिवसापुरते.

दुसरा प्रश्न उजेडाचा, आणि उजेड मुहूर्तावर अवलंबून असतो. तमिळ घरांतून लग्न बहुधा सकाळी लागते, उत्तरेकडे रात्री दिव्यांत, आणि आपल्याकडे भर दुपारी किंवा गोरज मुहूर्तावर. दिवसाच्या उजेडात पांढरी आणि फिकी फुले आपल्या खऱ्या रंगात उमटतात. रात्री पिवळ्या दिव्यांखाली तोच मोगरा पिवळसर दिसतो, आणि गडद तांबडा गुलाब सावलीत जवळजवळ काळा पडतो. म्हणून रात्रीच्या लग्नास गुलाबी, केशरी अथवा पिवळी फुले घ्यावीत. उलट, कडक उन्हात झेंडूचा दाट हार गळ्यात असला, तर त्याची केशरी छटा हनुवटीखाली उमटते, हेही ध्यानात ठेवावे.

बोहल्यामागची सजावट सगळी पांढरी करू नये. कॅमेरा समोरच्या उजेडाची सरासरी धरतो. मागे पांढरे फार झाले की तो चित्र आवरते घेतो आणि वधूवरांचे चेहरे काळवंडतात. हिरवी पाने आणि मध्यम रंगाची फुले मागे असावीत, आणि जोडप्याने त्यांच्यापासून चार-पाच फूट पुढे उभे राहावे. म्हणजे सावल्या मागच्या फुलांवर पडत नाहीत. प्लास्टिकची फुले दुरून फसवतात, पण दिव्याचा झोत पडला की त्यांची चकाकी चित्रात लपत नाही.

तिसरा प्रश्न वस्त्रांचा. लाल शालूवर लाल गुलाबांचा हार चित्रात दिसेनासा होतो. वराच्या पांढऱ्या पोशाखावर पांढऱ्या निशिगंधाचेही तेच. पांढऱ्यात मधूनमधून गुलाब किंवा मरव्याची हिरवी पाने गुंफली की हार उठून दिसतो. केसांत मात्र मोगऱ्याइतके शोभणारे दुसरे नाही. काळ्याभोर अंबाड्यावर तो प्रत्येक उजेडात दिसतो.

आता ताजेपणाविषयी. मोगऱ्याच्या कळ्या पहाटे खुडतात आणि त्या संध्याकाळी उमलतात. सकाळच्या मुहूर्ताला त्याच पहाटेच्या कळ्यांचा गजरा घ्यावा. तो मोत्यांच्या सरीसारखा दिसतो. आदल्या दिवशीचा गजरा दुपारपर्यंत तपकिरी होऊ लागतो. हार ओलसर फडक्यात किंवा केळीच्या पानात सैल गुंडाळून सावलीत ठेवावेत. वरून पाणी ओतू नये. पाणी साचले की पाकळ्या काळ्या पडतात. पिकलेल्या फळांच्या करंड्यांजवळही फुले ठेवू नयेत; फळांतून निघणाऱ्या वायूने ती लवकर कोमेजतात.

चार दिवस आधी एक साधी परीक्षा करून पाहावी. फुलवाल्याकडून प्रत्येक फुलाची वीतभर माळ आणावी, मुहूर्ताच्याच वेळी ती शालूवर धरावी आणि घरातल्या मोबाइलने चित्र काढावे. कोणते फूल राहावे आणि कोणते जावे, हे तेथेच कळते.

शेवटी माळ्याला एवढे अवश्य सांगावे, की हार लांब असला तरी चालेल, पण गळ्याशी सडपातळ हवा, म्हणजे मंगळसूत्रही दिसेल. मुंडावळ्या कानांलगत उतराव्यात, डोळ्यांवर नकोत. घरातल्या एखाद्या जाणत्या बाईकडे हे काम सोपवावे. अक्षता पडल्यावर, छायाचित्र काढण्यापूर्वी, तिने पुढे होऊन मुलीचा हार जरा खाली सारावा. आजीच्या लग्नात तेवढे करायला कोणी पुढे आले असते, तर तिचा चेहरा आज आमच्यापाशी असता.