रंगानें बोलणारे द्रव-स्फटिक

गेल्या उन्हाळ्यांत, शाळेस सुटी लागण्यापूर्वी, आम्हीं वर्गांत कपाळावर लावून ताप पाहण्याची एक पट्टी नेली होती. मुलांनीं ती आळीपाळीनें लावून पाहिली. मग कोणीं तरी ती खिडकींतल्या उन्हांत मेजावर ठेविली, आणि थोड्याच वेळांत ‘सर, मेजास ताप आला!’ अशी ओरड झाली. नंदुरबारचा उन्हाळा ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्याचें नवल वाटणार नाहीं. परंतु जींत पारा नाहीं, विजेरी नाहीं, अशा ह्या प्लॅस्टिकच्या पट्टीस उष्णता कळते कशी, हा मुलांचा प्रश्न योग्यच होता. वर्गांत त्याचें उत्तर अपुरें राहिलें, तें येथें देतों.

बर्फ वितळलें कीं पाणी होतें. मध्यें दुसरी अवस्था नाहीं. परंतु १८८८ सालीं प्राग येथील वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख रायनिट्झर ह्यांस एक चमत्कारिक पदार्थ आढळला. गाजरांतून काढलेल्या कोलेस्टेरॉलपासून केलेला हा पदार्थ १४५.५ अंशांवर वितळून गढूळ द्रव झाला, आणि १७८.५ अंशांवर तोच द्रव एकाएकीं नितळ झाला. जर्मन पदार्थविज्ञ ओटो लेमान ह्यांनीं सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून ठरविलें कीं, हा गढूळ द्रव वाहतो पाण्यासारखा, परंतु प्रकाशाशीं वागतो स्फटिकासारखा. म्हणून त्यास द्रव-स्फटिक म्हणतात.

आपल्या गांवाबाहेर मिरचीच्या पथाऱ्या पडतात, त्या डोळ्यांपुढें आणाव्या. सर्व मिरच्यांचीं देंठें एकाच दिशेस आहेत, परंतु प्रत्येक मिरची इकडेतिकडे सरकूं शकते, अशी कल्पना करावी. द्रव-स्फटिकाचे लांबट रेणु असेच असतात. ताप दाखविणाऱ्या जातींत आणखी एक खुबी आहे: प्रत्येक थराची दिशा खालच्या थराहून किंचित् वळलेली असते, व अशा रीतीनें गोल जिन्यासारखा पीळ तयार होतो. पिळाच्या एका पूर्ण फेऱ्याची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीएवढी, म्हणजे मिलिमीटरच्या कांहीं दशसहस्रांश, असते. आणि त्या लांबीशीं जुळणारा रंगच तेवढा परत फिरतो. ऊब वाढली कीं पीळ घट्ट होतो व रंग निळ्याकडे झुकतो; थंडी पडली कीं पीळ सैल होऊन रंग तांबड्याकडे जातो. त्याहून थंड झाल्यास रंग मुळींच दिसत नाहीं, मागचा काळा लेपच दिसतो. पट्टीवरील प्रत्येक आंकड्याखालीं निराळें मिश्रण असतें, इतकेंच. कांहीं वाफांनींही हा पीळ बदलतो, व त्यावरून हवेंतील दूषित वाफा ओळखण्याचे प्रयोग चालले आहेत.

ह्या शास्त्रांतील एक नांव विद्यार्थ्यांनीं लक्षांत ठेवावें. सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांचे भाचे शिवरामकृष्ण चंद्रशेखर हे १९५१ सालीं नागपूर विद्यापीठाचे एम्. एस्सी. झाले. चकतीच्या आकाराच्या रेणूंचेही द्रव-स्फटिक होतात, हें त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९७७ सालीं बंगळूर येथें दाखविलें.

आतां जेथें जिवाशींच गांठ आहे असा एक उपयोग. धडगांव-अक्कलकुव्याच्या डोंगरांतील पाड्यांवर पौषांतल्या रात्री कडक असतात. नवजात अर्भकाचें अंग ओलें राहिलें कीं तें झपाट्यानें थंड पडतें. त्याचें तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असावें. त्याखालीं फार गेलेलें मूल नीट रडत नाहीं, दूध ओढीत नाहीं; आणि घरच्यांस वाटतें, बाळ किती शहाणें, निवांत निजलें आहे! अशा मुलासाठीं ‘थर्मोस्पॉट’ नांवाची द्रव-स्फटिकाची चिकट चकती निघाली. ती अर्भकाच्या अंगास लावावयाची. ऊब पुरेशी असल्यास ती हिरवी दिसते, मूल थंड पडल्यास काळी. अक्षरओळख नसलेल्या आईसही ती वाचतां येते.

उत्तर प्रदेशांतील शिवगड येथें तिची परीक्षा झाली. कांहीं खेड्यांस नेहमींच्याच सोयी ठेविल्या. कांहींस ऊब, स्तनपान व स्वच्छता ह्यांची शिकवण दिली. कांहींस शिकवणीबरोबर ही चकतीही दिली. २००८ सालीं ‘लॅन्सेट’मध्यें निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पहिल्या खेड्यांच्या मानानें नवजात मुलांचे मृत्यु दुसऱ्यांत शेंकडा ५४ नीं कमी झाले, आणि चकतीच्या खेड्यांत शेंकडा ५२ नीं. म्हणजे चकतीनें अधिक कांहीं साधलें नाहीं! विज्ञानाच्या शिक्षकास हें वाचून वाईट वाटणें साहजिक आहे, व आम्हांस तें वाटलें. परंतु काळा रंग मूल थंड पडल्याचें सांगतो, त्यास ऊब देत नाहीं. जन्मतांच अंग कोरडें करणें, पहिल्या दिवशीं न्हाऊं न घालणें, डोकें झांकणें, आणि आईच्या उघड्या छातीशीं मूल धरून वरून पांघरूण घेणें, एवढ्यानें ऊब मिळते; त्यास पैसा लागत नाहीं. पालकांनीं हें घरांतील वडील बायांस अवश्य वाचून दाखवावें. आशाताई घरीं येऊन मुलाचें तापमान घेतात तेव्हां त्यांस आडकाठी करूं नये, हेंही सांगावें.

आमची पट्टी प्रयोगशाळेच्या कपाटांत काळ्या कागदांत गुंडाळून ठेविली आहे, कारण फार उन्हानें हे द्रव बिघडतात. ज्या मुलांस ती पुन्हां पाहावयाची असेल त्यांनीं मागून न्यावी. मात्र मेजास ताप आणूं नये.