हजेरीपटाबाहेरचे विद्यार्थी

महाविद्यालयात सत्र मान्य होण्यासाठी सामान्यतः ७५ टक्के उपस्थिती आवश्यक असते. सातपूरच्या कारखान्यात पाळी करणारा कामगार किंवा द्राक्षबागेत राबणारी गृहिणी ही अट कशी पाळणार? अशांसाठी १९८९ मध्ये नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद होय.

येथे दैनंदिन हजेरीची जागा स्वयं-अध्ययनाने घेतली आहे. दूरशिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचे अध्ययन. चार श्रेयांकांच्या एका विषयास १२० तास, म्हणजे रोज एक तास याप्रमाणे चार महिने द्यावे लागतात. पाठ्यपुस्तके व अभ्यासकेंद्रातील संपर्कसत्रे साह्यास असतात. परंतु घरच्या अभ्यासाचे तास मोजणारे कोणी नसते. ती हजेरी विद्यार्थ्याने स्वतःच लावावयाची असते.